माझ्यात दोन बिऱ्हाडं राहतात

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. एके काळी मी पांढरा होतो, आता माझा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला आहे. माझा पंखा सुरू झाला की शेजारचा चष्मेवाला ओरडतो, "पीठ दळताय की काय?" दळू दे. तेरा वर्षं मी एका जागी बसून इमाने इतबारे नोकरी केली आणि त्यात एकदाच, तेही दुसऱ्याच्या चुकीने, बंद पडलो. त्या दिवसाची हकीकत तुम्हाला सांगायची आहे.

माझं ठिकाण म्हणजे बुटांचं छोटं दुकान. साधे बूट नव्हेत बरं का. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाची बोटं वाकडी असतात, कुणाला टाच टेकवत नाही. अशा माणसांसाठी एकेक जोड मोजून मापून इथे बनतो. पुढे काउंटर, मागे कामाची खोली आणि वरच्या मजल्यावर मालकांचं घर. कामाच्या खोलीत फळीवर लाकडी पावलं ओळीने मांडलेली असतात. त्यांना कलबूत म्हणतात, त्यांच्यावर चामडं ताणून बूट शिवतात. मी त्याच फळीखाली बसतो, त्यामुळे चामड्याची धूळ माझ्या वाट्याला आली.

मी येण्याआधी गिऱ्हाइकांची मापं वह्यांमध्ये असायची. मालकीणबाईंनी आठ महिने बसून, दोनच बोटांनी, ती सगळी माझ्यात उतरवली. नऊशेच्या वर माणसं आणि प्रत्येकाची दोन पावलं. काम संपलं तशा वह्या रद्दीत गेल्या. "मी तेव्हाच म्हणत होते, वह्या राहू द्या," असं त्या हल्ली सांगतात. मी तिथेच होतो. त्या तसं काहीही म्हणाल्या नव्हत्या.

सुरुवातीला माझं कोण कौतुक! मालक गिऱ्हाइकाला आत बोलावून दाखवायचे, "नाव सांगा, एका मिनिटात तुमचं पाऊल समोर आणतो." पुढे दिवस फिरले. संगणकाच्या आत एक ऑपरेटिंग सिस्टीम असते, ती घरातल्या कर्त्या बाईसारखी. कुठे काय ठेवलंय, कुणाला कधी हाक मारायची, सगळा कारभार तिच्या हाती. माझी ही कर्ती बाई म्हातारी झाली होती. तिच्या बनवणाऱ्यांनी तिची विचारपूस कधीच सोडली होती. इंटरनेटवर रबरी तळ मागवायचं पान उघडेना. सकाळी मला सुरू करून मालक चहा प्यायला जात, कप विसळून परत येत, तरी मी आपला घरघरतच असे.

मालकांची थोरली मुलगी एका वाचनालयात तिथले संगणक सांभाळते. दर शनिवारी ती आईबाबांकडे येते. एका शनिवारी ती म्हणाली, "बाबा, याच्यात नवी सिस्टीम टाकू या. हलकी आहे, पळेल हा."

"आणि मापांचं काय? तो प्रोग्रॅम जुन्यावरच चालतो. ज्याने लिहिला, तो माणूस कुठे गेला देव जाणे."

"जुनी काढतेय कुठे? दोन्ही शेजारी शेजारी ठेवायच्या. सुरू करताना हाच विचारेल, कोण हवी म्हणून."

"म्हणजे एका घरात दोन बिऱ्हाडं," मालकीणबाई म्हणाल्या. "मोरी एक आणि भांडणं रोज."

थोरली हसली. तिने नुसता एक पेन ड्राइव्ह मला लावला आणि नवीला त्याच्यावरूनच चालवून दाखवलं. पाहुणी आली, पण सामान खाली न ठेवता उंबऱ्यावरूनच बोलली, तसं. खिडक्या पटापट उघडल्या, तळांचं पानही उघडलं. मालक म्हणाले, "हं." मित्रांनो, त्यांच्याकडून 'हं' मिळायला मला आठ महिने लागले होते. खोटं कशाला बोलू, मला जरा लागलंच.

पुढच्या शनिवारी नवीला कायमची जागा द्यायचं ठरलं. पण त्याच सकाळी इस्पितळातल्या सिस्टर आल्या. त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे. नऊ वर्षांपूर्वी त्या काठी टेकत दुकानात आल्या होत्या. मालकांनी त्यांच्यासाठी उंच टाच बनवली, तिने पाय दुखला. पुन्हा बनवली, कंबर भरून आली. असं करत करत चार महिन्यांनी, सातव्या खेपेला टाच जमली आणि काठी सुटली. तो सातव्या खेपेचा आकडा माझ्यात होता, आणखी कुठेच नव्हता. आता त्या जोडाचा तळ फाटला होता आणि टाच झिजून अर्धी झाली होती.

"काका, सोमवारपासून माझी वॉर्डात ड्यूटी आहे. आठ तास उभं राहायचं. सोमवारी सकाळी मिळेल ना?"

"मिळेल म्हणजे काय! तुमचं माप आहे की आमच्याकडे. जेवण झालं की कामाला लागतो," मालकांनी बोट दाखवलं, ते माझ्याकडे.

थोरलीने विचारलं, "बाबा, मापांची नक्कल कुठे काढून ठेवलीय का?"

"आहे ना. ह्याच्यातच."

"ह्याच्यातली ह्याच्यातच कशी नक्कल होईल? थांबा, आधी मी काढून घेते."

"अगं, ते नंतर कर. आधी हे काय ते उरकून टाक, मला दुपारी माप लागणार आहे." थोरलीला ठाऊक होतं की हे चूक आहे. तरी तिने ऐकलं आणि कामाला लागली.

तिने माझ्या पोटातली जागा दोन भागांत वाटली. जुनीला एका बाजूला सरकवलं. नवीचं सामान आत यायला लागलं. जी वाचून मी सुरू होतो ती दारावरची जुनी पाटी उतरली, दोन्ही नावांची नवी पाटी शेवटी लागायची होती. तेवढ्यात वरून हाक आली, "गरम आहे तोवर जेवून घ्या." थोरलीने मोठ्या अक्षरांत 'हा बंद करू नका' असा कागद माझ्या कपाळावर चिकटवला आणि ती वर गेली. तेव्हा नवीचं बासष्ट टक्के सामान आत आलं होतं.

आता मालकांची एक सवय सांगायला हवी. फार वर्षांपूर्वी डिंक तापवायची शेगडी जेवणाच्या सुट्टीत चालूच राहिली आणि अर्धी फळी जळाली. तेव्हापासून ते दीड वाजता दुकान बंद करताना भिंतीवरचा विजेचा मोठा खटका खाली ओढतात. एरवी मालकीणबाई त्याआधी मला रीतसर झोपवत. त्या दिवशी त्या वर पानं वाढत होत्या. मालकांनी कागद वाचला. मान डोलावली. मला बोटसुद्धा लावलं नाही, आणि जाता जाता खटका ओढला.

मधलं मला काही ठाऊक नाही. शुद्धीवर आलो तेव्हा थोरली समोर होती आणि माझ्या काळ्या पडद्यावर एकच ओळ होती. सुरू करण्यासारखं काही सापडत नाही. तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच ओळ.

"मी याला हात लावला नाही हो," मालक म्हणाले. मग त्यांची नजर खटक्याकडे गेली आणि ते स्टुलावर बसले. "सात वेळा बनवली होती ती टाच. सात वेळा! आता त्या बाईच्या हातात परत काठी द्यायची का मी?"

"चूक माझी आहे, बाबा. मी आधी नक्कल घ्यायला हवी होती."

"कुणाची ते मागाहून भांडा," मालकीणबाई म्हणाल्या. "ती उंबऱ्यावरची पाहुणी कुठेय? तिला विचारून बघा."

थोरलीने पेन ड्राइव्ह पुन्हा लावला. नवी आली. तिला माझ्या पाटीची गरजच नव्हती, ती स्वतःच्या पायांनी आली होती. तिने माझ्या आत डोकावून जुनीची खोली शोधली आणि कडी काढली. जुना प्रोग्रॅम तिला चालवता आला नाही, पण त्यात लिहिलेलं वाचता आलं, आणि सगळं जागच्या जागी होतं. मालकीणबाईंनी दोन बोटांनी लिहिलेली नऊशे माणसं, त्यांत सिस्टर, डावी टाच, अडतीस मिलिमीटर, बाहेरून दोन कमी. खाली शेरा होता, 'आज काठी इथेच विसरून गेल्या.' मालकांनी तो मोठ्याने वाचला आणि चष्मा पुसायला घेतला. जिच्यावर मी जळत होतो तिनेच माझी लाज राखली, मित्रांनो.

त्या दुपारी आधी नकला निघाल्या आणि मगच बाकीचं काम झालं. एक नक्कल वाचनालयात गेली, एक वर कपाटात स्वेटरच्या घडीत. मालकीणबाईंनी शिवाय एक जाड वही आणली. सोमवारी सिस्टरांनी नवा जोड घातला, दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "काका, ही सातव्या खेपेचीच." ह्या खोलीत शनिवारी काय झालं, ते त्यांना कुणीच सांगितलं नाही.

तेव्हापासून माझ्यात दोघी राहतात. मापं जुनी बघते, बाकी कारभार नवीचा. रोज सकाळी मी विचारतो, कोण हवी, आणि दहा सेकंद थांबतो. भांडण अजून तरी झालेलं नाही. तेव्हा जुन्याला हाकलू नका, नव्याला दारातूनच परत पाठवू नका, आणि दोघांना एकत्र नांदवायच्या आधी किमती चीजवस्तूची नक्कल दुसऱ्या घरी ठेवा.

मालकांची सवय मात्र गेली नाही, हात दीड वाजता खटक्याकडे जातोच. म्हणून त्यांनी खटक्यावर एक छोटं कलबूत दोरीने टांगलं आहे. हाताला आधी लाकूड लागतं. मग ते थांबतात, माझ्याकडे वळतात आणि विचारतात, "काय रे, झालं का तुझं?"

तेरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.