आबांची चिलीम आणि तीन परदेशी सिगारी

मी एक जुनी चिलीम आहे, मित्रांनो. मातीची, वीतभर लांबीची, एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने त्याहून काळी. मला घडवणारा रोहिदास कुंभार साक्रीच्या आठवडे बाजारात बसायचा. त्याने माझी माती मळायला घेतली तेव्हा कान नदी आपणहून दोन हात मागे सरली होती. खोटं वाटत असेल तर नदीला जाऊन विचारा.

त्या बाजारातून गिरधर आबांनी मला उचललं, कानाशी धरून टिचकी मारली, आवाज ऐकला आणि कमरेला खोचलं. तेव्हापासून चाळीस वर्षं मी त्यांच्या तोंडाला लागलेली.

आमचं गाव साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. कुणाच्या परसात तंबाखूची चार झाडं वाढली की पहिलं पान आबांकडे यायचं. आबा ते तळहातावर चुरडत, माझ्या घशात खडा सरकवत, वरून तंबाखू भरत, खाली ओलं फडकं गुंडाळत आणि डोळे मिटून एकच झुरका घेत. मग सांगत, "हाई विहीरना कडेनी शे." किंवा, "यानावर शेळी मुतनी शे." निकाल कधी चुकला नाही. माझ्यातून ओढल्याशिवाय आबांनी कुठल्याही तंबाखूबद्दल तोंड उघडलं नाही. माझा रुबाबही तसाच होता. एकदा माझा धूर इतका दाट निघाला की आभाळ आलं समजून बायांनी वाळत घातलेले पापड उचलले आणि कोंबड्या भर दुपारी झाडावर चढून बसल्या.

असं सगळं बरं चाललं होतं. गेल्या दिवाळीनंतर आबांचा पुतण्या हेमराज जळगावहून आला. मेहरूणला राहतो, कंपनीच्या कामाने विमानातून देशोदेशी फिरतो. त्याने ओट्यावर एक लाकडी पेटी उघडली. आत मखमलीवर तीन सिगारी झोपलेल्या. प्रत्येकीच्या कमरेला सोनेरी कागदाचा पट्टा. माझ्या कमरेला कुणी कधी साधा दोराही बांधला नव्हता.

"आबा, तीन देशांच्या तीन आहेत," हेमराज म्हणाला. "एकेक ओढा आणि चवी सांगा. आमच्या साहेबांना सहा ओळखता येतात. मी म्हटलं, आमचे आबा आठ सांगतील."

शेजारचे तोताराम नाना तिथे होतेच. जिथे काही पेटतं तिथे नाना असतात. ते म्हणाले, "गिरधर, हाई आवडनी तं तुन्ही चिलीमनं काय करशी?"

"आवडनी तं चिलीम नालामा टाकसू," आबा म्हणाले.

चार माणसांसमोर दिलेला शब्द. आणि आबा शब्द फिरवत नाहीत, हे मला चाळीस वर्षं माहीत. कोनाड्यात बसल्या बसल्या मला तडा गेला. बोट फिरवलं तर अजून लागतो.

पहिली पेटली. आबांनी चिलमीसारखा खोल झुरका घेतला आणि असे खोकले की ओट्याखालचं कुत्रं उठून दुसऱ्याच्या ओट्याखाली गेलं. मी मनात म्हटलं, अजून खोक. हेमराज म्हणाला, "आबा, धूर गिळायचा नसतो. तोंडात फिरवायचा आणि सोडून द्यायचा."

"गिळाना नही तं पेटाडानी कसाले?"

"चूळ भरस तशी भर," नाना म्हणाले.

आबांनी धुराची चूळ भरली, डोळे मिटले. "पह्यले मिरं लागस. मंग जुना जोडानं कातडं." हेमराजने पेटीतला कागद पाहिला. तिथेही तेच छापलं होतं. दुसरी पेटली. "भिजेल लाकूड. आखीरले मव्हानं फूल." कागदावर मध लिहिलं होतं. आबा म्हणाले, "कागद लिहिणाराने मव्हा पाह्यला नही व्हई."

सगळे हसले. मी जळत होते, आणि तेही तंबाखूशिवाय. आबांनी आजवर हजार तंबाखूंचं कौतुक केलं, पण चिलमीची चव कशी आहे हे कधी कुणाला सांगितलं नाही. आणि या कालच्या सवतींसाठी मिरं काय, मोहाचं फूल काय.

आबा म्हणाले, "खरं सांगू हेमराज? आशी तंबाखू मी जलममा ओढी नही." नानांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नाल्याकडे.

आबांनी तिसरी उचलली. "पन निकाल तं चिलीममाच लागी," असं म्हणत त्यांनी तिचा सोनेरी पट्टा फाडला, तिला मधोमध मोडलं, तळहातावर अंगठ्याने चोळलं, शिरा उडवल्या आणि मला कोनाड्यातून काढलं.

"आबा," हेमराजने हात पुढे केला, "ती दोन वर्षं मुरवलेली आहे."

"मुरनी शे नं? मंग आते भरू दे."

मी ठरवलं होतं, घसा आवळून धरायचा. वर जुनी राख मिसळून असा कडू धूर द्यायचा की आबा थुंकतील. पण आच लागली आणि तिची चव माझ्यात उतरली, तिथेच मी फसले. आयुष्यात एकदाच खरं बोलते, मित्रांनो, ते ऐकून घ्या. ती माझ्यापेक्षा चांगली होती. मी तिला वाट दिली.

"खळानी धूळ," आबा म्हणाले. "गूळ. तपेल चिंचनं लाकूड. आनि जरासा पानीना गारवा. आठ व्हयनात का रे?"

"झाल्या," हेमराज म्हणाला.

ओट्याच्या कडेला भिकुबाई, म्हणजे आबांची बायको, तूर निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं.

"आठ सवाद सांगात. आते मना एक सांगा. आज दुपारले काय खादं?"

"भाजी," आबा म्हणाले.

"कसानी?"

आबांनी नानांकडे पाहिलं. नाना तुरीकडे पाहू लागले.

"तूरनी दाळ वाटीसन वाफाडेल फुनके व्हतात. कढीसंगे. तेमा मीठच नव्हतं, मुद्दाम टाकं नही. म्हनं चाळीस वरीसमा एकदा तरी बोलशात." तिने माझ्याकडे बोट केलं. "तुमनी जीभ सारी त्या सवतले दिधी."

सवत मी त्या सोनेरी पट्टेवालीला समजत होते. या घरात ती मीच होते, आणि मला कळलं नव्हतं.

आबांनी मला ओट्यावर उलटं करून झटकलं. अर्धी तंबाखू तशीच पडली. मग उठून मला भिकुबाईच्या ओटीत टाकलं. "तूच टाक नालामा."

तिने मला बराच वेळ हातात फिरवलं. नाल्याकडे गेली नाही. आत नेलं, फळीवर मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं आणि परत तूर निवडायला बसली.

आबांनी त्यानंतर काही पेटवलं नाही. महिनाभर जेवताना त्यांना काही ओळखता येईना. वांग्याला दुधी म्हणाले, कढीला वरण म्हणाले. संक्रांतीच्या आसपास एका दुपारी फुनक्याचा घास तोंडात ठेवून थांबले आणि म्हणाले, "आज लसून जास्त पडना." भिकुबाई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "पडना खरा."

आता मला फुनक्यांचा हेवा वाटतो.

तर मित्रांनो, मला तोंडाला लावू नका, एवढं ऐका. आणि ताटावरून उठण्याआधी ज्याने रांधलं त्याला चव सांगत जा. खारट असेल तर खारट सांगा, पण सांगा. माझ्या फळीजवळून जाल तर माझ्यावरची धूळही पुसा, आठवड्यातून एकदा पुसली तरी चालेल. शेजारच्या बरणीची तर रोज पुसतात.