वाजवून घेतलेला तवा

मित्रांनो, मी बिडाचा तवा आहे. जुना म्हणावं एवढं माझं वय नाही. पण काळ्या रंगामुळे बघणारे मला जुनाच समजतात. वजन अडीच किलो, दोन बाजूंना दोन कान आणि स्वभाव चुळबुळा. स्टीलची भांडी फळीवर महिनोन् महिने गुमान बसतात, मला ते जमत नाही. चार दिवस विस्तव दिसला नाही, तेल लागलं नाही, की माझ्या अंगाला गंजाची खाज सुटते.

कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात मोडक्या यंत्रांचं लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतलं, त्यातून मी निघालो. अंग खरखरीत होतं, पण मन उतावीळ होतं. ट्रकमधून हिंगोलीला आणि तिथून टेम्पोतून सेनगावला येईपर्यंत मला एकच ध्यास होता, की कधी एकदा चुलीवर चढतो.

चुलीवर कुठला! प्रेमदास शेटनं मला दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवर ढकललं. वरच्या फळ्यांवर रंगीत दांड्यांचे गुळगुळीत तवे ऐटीत बसले होते. बायका मला उचलायच्या, "लई जड हाय गं बाई," म्हणायच्या आणि परत ठेवायच्या. असे आठ महिने गेले. पावसाळा लागला आणि दारातून येणाऱ्या दमट वाऱ्यानं माझ्या पाठीवर तांबूस पुटं धरली. वाटलं, विकला जाण्याआधीच आपण भंगारात जाणार.

आषाढातल्या एका सकाळी एक उंच, सडसडीत गृहस्थ दुकानात आले. हे अमृतराव. चौतीस वर्षं एसटी चालवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. उभे राहिले तरी त्यांचा एक पाय सारखा हलत होता, जणू क्लच शोधत होता.

"बिडाचा तवा पाह्यजे," ते म्हणाले.

"बिडाचा काहून, मामा? हे नवे बघा. चिकटत न्हाई, तेल लागत न्हाई."

"तसला झाला घरी. तीन महिन्यांत त्याची काळी साल निघून धिरड्यात येऊन राहिली. मालकीण म्हणली, बिडाचाच आणा."

प्रेमदास शेटनं तीन तवे काढले. पहिला चकचकीत काळा होता. अमृतरावांनी त्यावर नख ओढलं तर नखाला रंग आला. त्यांनी तो बाजूला सारला. दुसरा हलका होता. त्यांनी तो कानाला धरून लोंबकळवला आणि किल्लीनं ठोकला. आवाज बद्द आला. "याला कुठंतरी चीर हाय," ते म्हणाले. मग त्यांनी मला उचललं. किल्लीचा ठोका बसला आणि माझ्यातून टण्ण असा लांब आवाज निघाला. मग त्यांनी मला काउंटरवर ठेवून बोटानं दाबून पाहिलं. मी डुगडुगलो नाही.

"अंगावर गंज हाय त्याच्या," शेट प्रामाणिकपणे म्हणाले.

"गंज निघतो. चीर निघत न्हाई," अमृतराव म्हणाले आणि मला काखेत मारून निघाले.

बसस्टँडच्या मागं त्यांचं छोटं सिमेंटचं घर. स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर त्यांच्या पत्नी गोजरबाई बसलेल्या होत्या. संक्रांतीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला आणि जीभ जड झालेली. दिवसभरात चार-पाच शब्द बोलत, तेही अर्धवट. एके काळी त्यांच्या हातची ज्वारीची धिरडी खायला आगारातले ड्रायव्हर-कंडक्टर वाट वाकडी करून येत. आता त्या अमृतरावांनी केलेलं दोन घास खाऊन ताट सारत. त्या झटक्याआधी अमृतरावांनी साधा चहादेखील कधी केलेला नव्हता.

मी घरात आलो त्याच दिवशी त्यांच्या मुलीचा, साधनाचा, नांदेडहून फोन आला.

"बाबा, आईचं वजन सात किलोनं उतरलं. डॉक्टर काय म्हणले, ऐकलं ना तुमी?"

"शिकून राहिलो बाई मी. नवा तवा आणला आज."

"तव्यानं काय होतंय, बाबा? मी पोळ्याला येते. तोवर तिचं जेवण सुधरलं न्हाई, तर मी तिला इकडं घेऊन येते. तुमी पण या म्हणलं असतं, पण दोन खोल्यांत एकच खाट मावती."

गोजरबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. अमृतराव फोन ठेवून ओट्यापाशी उगाच येरझारा घालत राहिले. पोळ्याला सात आठवडे उरले होते. मी तर अजून चुलीवरही चढलो नव्हतो.

पहिल्यांदा त्यांनी मला घासून गंज काढला, मला धुतलं आणि मोठ्या आचेवर कोरडं केलं. इथवर ठीक झालं. मग त्यांनी करडईचं तेल पळीनं ओतलं आणि आच भडकवली. घरभर धूर झाला. थंड झालो तेव्हा माझ्या अंगावर गुळाच्या पाकासारखा चिकट थर बसला होता. गोजरबाई मान हलवत होत्या.

"पुसा," त्या म्हणाल्या.

सगळं खरवडून पुन्हा सुरुवात झाली. या वेळी चार थेंब तेल पडलं आणि अमृतराव फडक्यानं पुसू लागले.

"आजून," गोजरबाई म्हणाल्या.

"आगं, पुसून पुसून तेल ऱ्हायलं कुठं?"

"तेच."

तसंच होतं, मित्रांनो. दिसेल इतकं तेल राहिलं की चिकटतं. दिसेनासं झालं की ते अंगात मुरतं. मंद आचेवर धूर निघेपर्यंत तापायचं, मग आपोआप गार व्हायचं, मग पुन्हा तेल. असं पाच वेळा. चौतीस वर्षं धावत राहिलेल्या त्या माणसाला तव्याच्या गार होण्याची वाट बघणं फार कठीण गेलं. ते उठत, बसत, अंगणात जाऊन येत, मला बोट लावून बघत आणि हात झटकत. मीही तसाच होतो. मला तर पहिल्याच दिवशी धिरडी करून दाखवायची होती.

पहिलं धिरडं माझ्यावर पडलं ते मी सोडलंच नाही. मित्रांनो, मला सोडायचं होतं! पण माझं अंग अजून कच्चं होतं. अमृतरावांनी उलथन्यानं खरवडून त्याचा चुरा ताटात वाढला. गोजरबाईंनी दोन घास घेतले. दुसऱ्या दिवशी अमृतरावांनी नुसता कांदा परतला, तिसऱ्या दिवशी तेल सोडून धपाटे लावले. तेलकट जिन्नस येत गेले तसा माझा खरखरीतपणा भरत गेला. श्रावण लागता लागता धिरड्याची कड सुटू लागली, मधला भाग मात्र अडून राही.

एकदा तर मी मरतामरता वाचलो. धिरडी झाली होती आणि मी नुकताच आचेवरून उतरलो होतो. अमृतरावांना भांडी आवरायची घाई झाली. चिमट्यानं धरून त्यांनी मला नळाखाली नेलं आणि डावा हात तोटीवर ठेवला.

"थांबाऽऽ!"

खणखणीत, स्पष्ट आवाज. अमृतरावांनी दचकून मागं पाहिलं. सहा महिन्यांत गोजरबाईंच्या तोंडून असा पुरा शब्द निघाला नव्हता. त्यांचा स्वतःचाही विश्वास बसत नव्हता.

"काय म्हणली? परत म्हण," अमृतराव म्हणाले.

"थांबा. तडकंल... त्यो."

त्यांनी मला हळूच ओट्यावर ठेवलं. कडक तापलेलं बीड गार पाण्यानं काचेसारखं तडकतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते खुर्चीपाशी जाऊन खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. त्यांना इतका वेळ एका जागी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर गोजरबाई खुर्चीवरून हुकूम सोडू लागल्या. "आच कमी." "झाकण." "आता." आणि ताटात एकाची दोन धिरडी घेऊ लागल्या. पोळ्याला आठवडा उरला तेव्हा माझ्यावरून धिरडं अख्खं सुटत होतं. मला वाटलं, आता फत्ते.

पण पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या चांगुणाबाई आल्या. मायाळू बाई. अमृतराव बाजारात गेलेले आणि गोजरबाई आत झोपलेल्या. साधना येणार म्हणून चांगुणाबाईंनी आपणहून सगळी भांडी घासली. मलाही घेतलं. "किती काळा झालाय बिचारा," म्हणत तारेची घासणी आणि साबणाची पूड घेऊन त्यांनी अर्धा तास माझं अंग रगडलं. सात आठवड्यांचा मुरलेला थर करड्या पाण्यातून मोरीत वाहून गेला. मी ओरडूही शकलो नाही. वर त्यांनी मला ओल्यानंच पालथं घातलं.

सकाळी साधना आली. आईच्या केसांवरून हात फिरवला आणि लगेच बॅग काढून आईच्या साड्या घड्या करून भरू लागली.

"दुपारची गाडी हाय, बाबा. आईच्या खाटंसाठी गादीवाल्याला सांगून आले मी."

"आधी जेवून तर घे. तुझी आई आता दोन धिरडी खाती."

"फोनवर तुमी रोजच म्हणता," ती थकल्या आवाजात म्हणाली.

अमृतरावांनी मला आचेवर ठेवलं. घाईत त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंच नाही. पीठ पडलं. धिरडं चिकटलं. त्यांनी उलथनं घातलं, ते फाटलं. दुसरं टाकलं, ते जळालं. साधना दारात उभी होती.

तेवढ्यात मागं खुर्ची करकरली. गोजरबाई डाव्या हातानं ओट्याची कड धरून उभ्या राहत होत्या.

"आई, बस! पडशील!" साधना धावली.

"राहू दे तिला," अमृतराव म्हणाले, पण स्वतः गोजरबाईंच्या मागं हात पसरून उभे राहिले.

एक पाय ओढत चार पावलं, आणि त्या माझ्यापुढं आल्या. मला पाहताच काय झालं ते त्यांना कळलं. "घासलाय," एवढंच म्हणाल्या. जळकं खरवडून घेतलं. आच कमी केली. अर्धा कांदा तेलात बुडवून माझ्या अंगावर गोल गोल फिरवला, फडक्यानं मला पुसलं, परत फिरवला, परत पुसलं. असं चार वेळा. कोणालाही घाई करू दिली नाही. मग बोटांनी पाण्याचे थेंब शिंपडले. ते माझ्यावर मोत्यासारखे नाचले तेव्हा वाटी उचलली आणि डाव्या हातानं कडेकडून पीठ सोडलं. धिरडं वाकडंतिकडं झालं, नकाशासारखं. पण जाळी पडली, कड सुटली, आणि उलथनं अलगद खाली गेलं.

मी ते सोडून दिलं.

त्यांनी ते साधनाच्या हातावर ठेवलं. साधनानं घास घेतला आणि चावायचीच थांबली. "आई, हे तुझंच हाय," ती म्हणाली. त्या दुपारी गोजरबाईंनी तीन धिरडी खाल्ली. साधना उठली आणि तिनं बॅगेतल्या साड्या काढून परत कपाटात लावल्या. जाताना वडलांना म्हणाली, "दर पंधरा दिवसांनी येत जाईन. आणि मला बी शिकवा हे."

गोजरबाईंचा उजवा हात अजून हलत नाही. शब्द मात्र वाढले आहेत. आता त्या अमृतरावांना रागावतातही. चांगुणाबाईंना सगळं कळलं तेव्हा त्यांनी स्वतःसाठी एक बिडाची कढई घेतली. तिला तेल पाजायला अमृतराव जातीनं गेले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझं कोणी भावंड असेल तर त्याला पाण्यात भिजत ठेवू नका. तापलेला असताना त्याच्यावर गार पाणी टाकू नका. चिंच-टोमॅटोचं आंबट त्याच्यावर शिजवत बसू नका, आणि तारेनं त्याची पाठ सोलू नका. धुतल्यावर आचेवर कोरडा करा आणि तेलाचा नुसता हात फिरवा. एवढं केलंत तर तो तुमच्या नातवंडांनाही जेवू घालील.

आणि घरात कोणी नव्यानं स्वयंपाक शिकत असेल, मग ते लेकरू असो की साठीचा म्हातारा, त्याचं फाटलेलं धिरडं ताटात घ्या आणि पुढच्याची वाट बघा.