मजेत म्हणणारे जबडे

ते कवळ्या करायचे. घराच्या मागच्या खोलीतच कारखाना. गिऱ्हाईक स्टुलावर बसून माप देई, त्यावरून हे प्लास्टरचा जबडा ओतत आणि मेणात एकेक दात बसवत. भिंतीवरच्या फळीवर असे पांढरे जबडे ओळीने बसलेले असत, ओठ नसल्यामुळे सगळेच हसतमुख.

संधिवात त्यांच्याकडे कित्येक वर्षं मुक्कामाला होता. सकाळी बोटं मिटत नसत, संध्याकाळी उघडत नसत. कुणी विचारलं, "कसं काय?" की ते म्हणत, "मजेत." आजार जुना झाला की लोकांना नवीन उत्तर नको असतं. मेहुणा तर म्हणे, "भावोजी, सगळं मनावर असतं बघा." त्याला स्वतःला सर्दी झाली की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नसे.

दुखण्याची सवय होती. पण हल्ली जेवण नुसतं गिळलं जाई, आणि हातात एखादा दात घेऊन ते तासन्‌तास बसून राहत. डॉक्टर दर खेपेला सांध्यांची सूज बघत. मन त्यांच्या खात्यात येत नव्हतं. शेवटी बायकोला सांगून टाकायचं असं त्यांनी ठरवलं.

ती चहा घेऊन दारात आली. "काय हो, बरं वाटतंय ना?"

त्यांनी तोंड उघडलं.

"मजेत," फळीवरून आवाज आला. त्यांचाच. कडेचा एक जबडा हळूच मिटला.

"मग गरम आहे तोवर घ्या," म्हणून ती गेली.

त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की त्या जबड्याचे दात अजून पक्के बसलेले नाहीत. घाबरले ते नंतर.

मग सगळी फळीच बोलू लागली. मेहुणा आला तर फळीकडे तोंड करून मनसोक्त गप्पा मारून गेला. जाताना रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "असेच राहा, भावोजी." भावोजी खिडकीपाशी उभे होते. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हा विचार त्यांना फार सुबक वाटला, आणि तो सुबक वाटला याचीच त्यांना भीती वाटली.

त्यांनी मेणाच्या पट्ट्या गरम केल्या. दातांचा चावा कसा बसतो ते बघायला गिऱ्हाइकाच्या तोंडात अशी पट्टी देतात. दुखऱ्या बोटांनी त्यांनी एकेका जबड्यात पट्टी सरकवली आणि सवयीनं म्हणाले, "घट्ट चावा. बोलू नका."

सगळ्यांनी चावलं.

"अगं, इकडे ये. ते नेहमीचं परत विचार."

"कुठलं?"

"बरं वाटतंय का, ते."

"आता हे काय नवीन खूळ?" पण तिनं विचारलं. "बरं वाटतंय का?"

फळीवर मेण जरासं करकरलं.

"नाही," ते म्हणाले. "हाताचं सोड, ते तुला माहीतच आहे. सकाळी उठायचं कशासाठी तेच कळत नाही. मी नसलो तरी चालेल, असं वाटतं."

बायको गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिचाच आवाज आला, शेजारणीशी बोलणारा. "आमचं काय, छान चाललंय. ह्यांचं सगळं करते, मला कुठं काय होतंय."

समोर तिचे ओठ मिटलेले होते.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुमची बटणं मी लावायला लागले तेव्हापासून," ती म्हणाली. "मला वाटलं, बरंच आहे. तेवढाच घसा वाचतो."

तिनं हात पुढे करून त्यांच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावलं.

"उद्या मनाच्या डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली. "दोघंही."

"तुझा भाऊ काय म्हणेल?"

"त्याला बसू दे फळीशी बोलत. तुम्ही आधी ते नीट सांगा. नसलो तरी चालेल म्हणालात, ते. मी कुठं जात नाही."

ते सांगू लागले. शब्द धड जुळत नव्हते. तिनं मध्ये एकदाही "होईल हो ठीक" म्हटलं नाही.

स्वयंपाकघरातला आवाज बोलता बोलता थांबला. मग तिथं कुणीतरी खुर्ची ओढली, ऐकायला बसावं तशी.