पालथं घातलेलं घर

निर्णा गावच्या अंगणवाडीत त्या आठवड्यात प्राण्यांच्या घरांचा पाठ चालू होता, आणि अंगणवाडीच्या बाईंच्या, म्हणजे तुळजाच्या, स्वतःच्या घरात एक पाहुणा मुक्कामाला होता. पाहुणा कसला, जन्मदाता बाप. पण महिना होत आला तरी गुंडाप्पांनी आपलं गाठोडं सोडलं नव्हतं. गुडघ्याचं औषध हुमनाबादला चालू होतं, तिथून निर्णा जवळ, म्हणून लेकीकडं आले एवढंच. सकाळी उठले की घोंगडी गुंडाळून गाठोड्यावर ठेवायचे आणि निघायच्या तयारीत बसायचे. तुळजानं हौसेनं त्यांच्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला होता. वाट बघून बघून शेवटी तिच्या नवऱ्यानं त्यात विळे-खुरपी ठेवली.

गुरुवारी भाऊ येणार होता. मल्लेश गुलबर्ग्याला भुसार मालाच्या दुकानात कामाला, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. अप्पांना तो कायमचं न्यायला येणार होता. मल्लेश वाईट नव्हता हो, बायकोही सरळ होती, पण त्या दोन खोल्यांत अप्पा बसणार कुठं आणि बघणार काय, हा विचार तुळजाच्या डोक्यातून जात नव्हता. एकदा भाकरी वाढताना तिनं विचारलंच, "अप्पा, हितंच ऱ्हावा की. कामून जायलाव?"

"लेकाचं घर असताना लेकीच्या दारात बसू व्हय? लोक मल्लेशला नावं ठेवतील."

झालं. विषय संपला. तुळजाला असा राग आला की विचारू नका. लोक म्हणे! ज्या माणसानं उभा जन्म लोकांच्या रानात काढला, त्याला म्हातारपणी लोकांची एवढी पडली होती. खरं दुखणं वेगळंच होतं आणि ते तिचं तिला कळत होतं. आपलंही घर हे अप्पांचं घर आहे, एवढं त्यांनी एकदा तरी मानावं, मग खुशाल कुठंही राहावं.

घरात एकट्यानं करमत नाही म्हणून अप्पा रोज तिच्यामागं अंगणवाडीत यायचे आणि बाहेर कट्ट्यावर बसायचे. पोरं त्यांना मुत्या म्हणायची. इकडं आजोबाला मुत्याच म्हणतात, मग घर मराठी बोलणारं असो की कन्नड. मुत्या पोरांशी फारसे बोलायचे नाहीत. पोरांचं मात्र त्यावाचून काही अडत नव्हतं, येता-जाता त्यांच्या मिशीला हात लावून जायची.

बुधवारी पाठ रंगात आला होता. तुळजानं विहिरीवरच्या बाभळीचा सुगरणीचा खोपा आणला होता, तो हातोहात फिरत होता. गाईचा गोठा झाला, कोंबडीचं खुराडं झालं, मुंगीचं वारूळ झालं. वारुळात साप पण राहतो यावरून थोडी भांडणं झाली. मग भिंतीवरच्या तक्त्यातल्या मेंढीवर बोट आलं. मेंढीशेजारी लाल कौलांचं, पांढऱ्या भिंतींचं टुमदार घर काढलेलं होतं. सोनू म्हणून एक पोरगी आहे, चार वर्षांची, नाकावर शेंबूड पण नजर वकिलाची. ती म्हणाली, बाई, ह्या घराचं दार तर लावून घेतलंय, मग मेंढरू आत कसं जातंय?

तुळजा काही बोलायच्या आत कट्ट्यावरून हसू आलं. महिन्याभरात अप्पा पहिल्यांदा हसले होते. म्हणाले, हे मेंढराचं घर व्हय, मला वाटलं तहसीलदाराचं.

तुळजाला त्यातली खोच बरोबर कळली. तीही हसली. पहिली ओळ गिरवायला शिकेपर्यंत ती स्वतः मेंढरांतच वाढलेली. त्यांचं घराणं निंबर्ग्याकडचं, धनगराचं. तुरी निघाल्या, रानं मोकळी झाली की शेतकरी मेंढरं बसवायला बोलवायचे. रात्रभर कळप एका जागी बसायचा, रानाला लेंड्यांचं खत मिळायचं आणि त्याबदल्यात यांना जवारी. सकाळी बाडबिस्तर उचलायचं आणि पुढच्या पट्ट्यात टाकायचं. सगळं रान असं झालं की गाव बदलायचं. ते दिवस असे समोर उभे राहिले की तिला पोरांचा गलका ऐकू येईना. ती म्हणाली, "मग दाखवा की अप्पा. पोरास्नी कळू द्या."

अप्पा उठले आणि लंगडत घराकडं गेले. परत आले ते गाठोडं घेऊन. आणि महिनाभर न सुटलेली ती गाठ त्यांनी अंगणवाडीच्या अंगणात, वीस-बावीस पोरांच्या देखत, दातांनी सोडवली. आत दोन धोतरं, एक सदरा आणि त्याखाली वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायचं सुतळीचं जाळं. गेल्या साली मेंढरं विकली तेव्हा वाघर विकलं नव्हतं, हे तुळजाला आत्ता कळलं. तिला भरून आलं, पण पोरांसमोर बाईंनी रडायचं नसतं.

जळणातल्या काठ्या ठोकून अप्पांनी अंगणात वाघर उभं केलं आणि पोरांना आत हाकललं. घशातून ती जुनी हाळी काढली, हर्रर्र करून, आणि पोरं खरंच मेंढरांसारखी एकमेकांना चिकटून बसली. सोनूला म्होरकं मेंढरू केलं. तिच्या गळ्यात घंटा हवी म्हणून पूजेची घंटी बांधली, ती अजून अंगणवाडीला परत मिळालेली नाही. दार कुठंय, असं एकानं विचारलं. अप्पांनी जाळ्याची एक बाजू उचलून धरली आणि सांगितलं की हेच दार, आणि उद्या हे घर त्या लिंबाखाली जाईल, परवा आणखी पुढं.

सोनू आतून म्हणाली, "आन् मुत्या, तुमचं घर कुठंय?"

अप्पांनी इकडंतिकडं बघून भिंतीकडचे तीन दगड उचलले, वाघरापासून चांगलं लांब मांडले, मधे तुराट्या सारून जाळ केला आणि तुळजाकडं चहाचं भांडं मागितलं. म्हणाले, तीन दगड मांडले की आमचं घर झालं. बिनदुधाचा तो चहा बापलेकीनं अंगणात बसून पिला. धुरानं डोळ्यांत पाणी येत होतं, ते बरंच झालं.

तुळजाला आई आठवली. रान सोडायच्या दिवशी तुळजा भोकाड पसरायची. बोरीखाली मांडलेला खेळ सोडून जायचं जिवावर यायचं. मग आई, अनसाबाई, चुलीचे तिन्ही दगड उचलायची आणि काळी बाजू मातीकडं करून बांधाला ओळीनं ठेवायची. "घर मोडलं न्हाई गं," म्हणायची, "पालथं घातलंय. पुढल्या साली येऊन सरळ करू." त्यांच्या घरची ती रीतच होती, आणि पुढल्या साली दगड तिथंच असायचे. जिथं कुणी पाण्याला नाही म्हटलं, कुत्री अंगावर सोडली, तिथले दगड मात्र अनसाबाई लाथेनं उधळून द्यायची. तिथं परत पाऊल टाकायचं नाही.

पोरांना अंडी वाटायची वेळ झाली तसं अप्पांनी वाघर उपटलं, घडी घातली आणि गाठोडं पुन्हा बांधलं. तुळजाला वाटलं होतं, आता सुटलंय तर सुटलेलंच राहील. वेडी आशा, दुसरं काय.

गुरुवारी मल्लेश कुणाची तरी जीप मागून घेऊन आला. अंगणवाडीची वेळ होती, म्हणून निरोपही अंगणवाडीच्या दारातच झाला. तुळजानं अप्पांच्या पाया पडून घेतलं, मल्लेशला गोळ्यांच्या वेळा सांगितल्या आणि तडक आत येऊन पोरांना मधमाशीचं पोळं शिकवायला लागली. मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर रडली असती किंवा भांडली असती. जीप सुरू व्हायला एवढा वेळ कामून लागायलाय, असं मात्र तिच्या मनात आलं. मग जीप गेली.

सुट्टीच्या वेळी ती बाहेर आली. राग अजून उतरला नव्हता. कालच्या चुलीचे ते दगड आधी उचलून फेकून द्यावेत, पोरं अडखळतील, असं स्वतःला सांगत ती चुलीकडं गेली. चूल नव्हती. राख पाणी टाकून सारवल्यासारखी केली होती आणि तिन्ही दगड भिंतीकडेला ओळीनं ठेवलेले होते. तिनं वाकून एक उचलून बघितला. काळी बाजू मातीकडं होती. दुखरा गुडघा टेकवून अप्पांनी हे केलं असणार, तिच्या दारात, जीप थांबवून. तिनं तो दगड होता तसा ठेवला आणि मग मात्र पोरं बघत असताना पदर डोळ्याला लावला.

सोनू मागून आली आणि खेळायला एक दगड उचलू लागली.

"ऱ्हाऊ दे, हात लावू नको," तुळजा म्हणाली. "मुत्याचं घर हाय ते."