आबांचा नंबर

साखराबाईनं केलं ते मायेपोटी केलं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लोक तिला उगाच बोल लावतात.

तिचा नवरा बंकट मेंढ्यांमागं हिंडणारा. आष्टीच्या माळावर ऊन लागून पडला आणि दवाखाना गाठायच्या आत गेला. एकुलती पोरगी मोहिनी इंग्लंडात शिकायला. तिला यायला दोन दिवस लागणार, तोवर मढं ठेवायचं कसं? सरण रचलं तेव्हा साखराबाई पुढं झाली आणि तिनं बंकटचा मोबाइल त्याच्या छातीवर ठेवला. "वैनी, फुटंल की त्यो," दीर सुग्रीव म्हणाला. तिनं ऐकलं नाही. कुणासोबत तंबाखूची चंची देतात, कुणासोबत काठी. बंकटचा जीव त्या फोनात होता.

आणि का नसावा? तिकडचा व्हिसा आता कागदावर नसतोच. आधी प्लास्टिकचं कार्ड तरी मिळायचं, तेही बंद झालं. सगळं सरकारच्या संगणकात, ज्याच्या त्याच्या खात्यात. खातं उघडायला गेलं की फोनवर सहा आकडे येतात, ते टाकल्याशिवाय आत जाता येत नाही. मोहिनीनं खातं काढलं तेव्हा घरात पक्का नंबर एकच, आबांचा, म्हणजे बंकटचा. रेशन त्याच्यावर, गॅस त्याच्यावर, मग व्हिसाही त्याच्यावरच. बंकटला अक्षर येत नव्हतं, आकडे मात्र येत होते. तिकडं कुणी पोरीला व्हिसा दाखव म्हटलं की तिचा फोन यायचा आणि हा गडी मेंढ्यांच्या मधोमध उभा राहून एकेक आकडा ओरडून सांगायचा. "माह्या आकड्याबगर इंग्लंडचं फाटक उघडत न्हाई," असं साऱ्या गावाला ऐकवायचा. काय तो रुबाब!

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी मोहिनी बॅग भरायला बसली. फोन काकाकडं असेल, असं ती धरून चालली होती.

"माय, आबांचा फोन आण बरं. माझा नवा पासपोर्ट खात्याला जोडायचा राह्यलाय. त्याबगर इमानात बसू देत न्हाईत."

साखराबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "त्यांच्यासंगं दिला म्या."

"संगं म्हंजी?"

"सरणावर."

मोहिनीनं हातातला कपडा बॅगेत टाकून दिला. "कावून, माय? कावून केलंस असं?" आणि मग तिच्या तोंडून निघूनच गेलं, "माझी वाट जाळलीस तू."

बोलल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. पण साखराबाईच्या काळजात ते जाऊन बसलं होतं.

आकडे ई-मेलवरही येत होते, पण तो ई-मेल बीडच्या एजंटानं काढून दिलेला, पासवर्ड त्याच्याकडंच. एजंटाच्या दुकानाला कुलूप, फोन बंद. कॉलेजनं तर बजावलं होतं, पंचवीस तारखेपर्यंत हजर झाली नाही तर नाव काढू. हातात अकरा दिवस.

मायलेकी आष्टीला मोबाइलच्या दुकानात गेल्या. त्याच नंबरचं दुसरं सिम मिळेल का? दुकानदार म्हणाला, "मालकाला आणा."

"मालक वारलेत."

"मग मृत्यूचा दाखला आणा."

साखराबाईला हुरूप आला. आपण बिघडवलं, आपणच निस्तरू. ग्रामपंचायतीत खेटे घालून तिनं तीन दिवसांत दाखला मिळवला आणि दुकानात नेऊन ठेवला. दुकानदारानं मशीनवर काहीबाही टिपलं आणि मान हलवली.

"मावशी, नोंद लागली, नंबर बंद झाला. वारसाच्या नावावर यायला महिना तरी लागंल."

"आवं, पण तुमीच तर दाखला मागितला!"

"नियमच हाय तसा."

बंकटला आपण दुसऱ्यांदा जाळलं, असं तिला वाटलं. एसटीत ती मोहिनीच्या शेजारी बसली नाही, मागच्या बाकावर जाऊन बसली.

खात्याचा नंबर बदलून द्या म्हणून मोहिनीनं तिकडच्या सरकारला अर्ज केला, कॉलेजला मेल केले. अर्जात विचारलं होतं, फोन का नाही? "लिही, आईनं जाळला," साखराबाई म्हणाली. मोहिनीनं 'हरवला' लिहिलं. पंचवीस तारीख आली आणि गेली.

पुढच्या महिन्यात एका सकाळी साखराबाई पाट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटत होती. पोरगी जाईल तेव्हा हाताशी असावी म्हणून. आतून मोहिनीचा आवाज आला, "माय, उघडलं खातं."

"उघडलं? खरंच?" साखराबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं तिखटाचे हात तसेच जोडले. "बघ, आबांनीच उघडलं. कधी निघतीस?"

मोहिनी दारात आली. "आत व्हिसाच न्हाई, माय. कॉलेजनं नाव काढलं, त्यांनी व्हिसा रद्द केला."

साखराबाईनं जोडलेले हात सोडले. मग म्हणाली, "शिव्या तरी दे मला, पोरी. एक तरी दे."

मोहिनीनं दिली नाही. ती पाट्याशी बसली, चटणी डब्यात भरली आणि डबा घरातल्याच फळीवर मिठाच्या बरणीशेजारी ठेवून दिला.