नेहमीचं तेल

“नेहमीचं म्हणजे कुणाचं नेहमीचं?” तेलाच्या दुकानदाराने मला विचारलं.

मी म्हटलं, “आमच्या हिचं. हॉस्पिटलचं गवत कापायची गाडी चालवते ना ती, बसून चालवायची. तिच्या गिअरबॉक्सला लागतं ते.”

“वहिनी माझ्याकडून इंजिनचं वीस-पन्नास नंबरचं तेल तेवढं नेतात. गिअरबॉक्सचं नेल्याचं आठवत नाही. दुसरीकडून घेत असतील.” त्याने फळीवरचे डबे पुढे ओढले. “हे हायड्रॉलिक, पातळ असतं. हे गिअरचं, जाड. आणि हे लाल, बिनगिअरच्या मोटारींचं. यातलं कुठलं ते विचारून घ्या. चुकीचं गेलं तर आतला पंप खाऊन टाकेल.”

मी फोन लावला. मेहुणीने उचलला. रात्रभर तीच बहिणीपाशी होती.

“भाऊजी, कुठे आहात?”

“तेलाच्या दुकानात. तिला विचार जरा, जाड की पातळ.”

“तुम्ही आधी इकडे या.”

“येतोच. पण इथवर आलोय तर विचार ना तिला. एका शब्दाचं काम आहे.”

मला वाटलं, फोन बायकोच्या कानाला लावतेय. मग ती हळू आवाजात म्हणाली, “आता कुणाला विचारू, भाऊजी?”

मी डबे एकेक करून फळीवर परत ठेवायला लागलो. दुकानदार म्हणाला, “असू द्या, मी ठेवतो.” पण मी ठेवूनच निघालो.

आम्ही दोघं एकाच हॉस्पिटलात कामाला. मी लाँड्रीत, ती बागेत. हॉस्पिटलच्या इमारतीपासून फाटकापर्यंत गवताचा मोठा उतार आहे. तो ती कापायची. लाँड्रीची खिडकी त्याच बाजूला असल्यामुळे दिवसभर मला गाडी ऐकू यायची. आवाज थांबला की मी डबा उघडायचो. बरोबरचे लोक चेष्टा करायचे, “याला घड्याळ नको, बायको पुरते.”

ती आजारी पडली तेव्हा तिला याच हॉस्पिटलात ठेवलं. नेमका तिचा वॉर्ड लाँड्रीच्या वर. खिडकीतून उतार दिसायचा. गाडी आता दुसरा माणूस चालवत होता. सगळे त्याला बदली म्हणायचे. कायम होऊन बरीच वर्षं झाली तरी नाव बदलीच राहिलं.

दुकानात गेलो त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसलो होतो. खाली गाडी चढ चढत होती. ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली.

“अहो, ऐकलं का?”

“काय?”

“चढावर दम टाकतेय. अर्ध्यात आली की रडते. कुणीतरी पातळ ओतलंय तिच्यात.”

“तू पड. बदली बघेल काय ते.”

“तो काय बघतोय. याच्यात गिअर नसतात, तरी तो गिअर शोधत बसतो.” तिला दम लागला. थांबून म्हणाली, “आत नुसतं तेल असतं. पाय दाबला की तेल ढकललं जातं, तेलच चाक फिरवतं. तापून ते पातळ झालं की ढकलायचं कुणी? उद्या सकाळी जा आणि नेहमीचं आणून द्या त्याला.”

“आणतो,” म्हटलं. नेहमीचं म्हणजे कुठलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. नेहमीचं म्हणजे नेहमीचं. घरात आम्ही असंच बोलायचो. नेहमीची जागा, नेहमीचा साबण. ते काय असतं ते तिला माहीत असायचं.

सगळं उरकल्यावर मी कामावर आलो. तिच्या खाटेची चादर आमच्याकडेच आली असणार. चादरीवर नाव नसतं, नाहीतर मी शोधली असती.

पहिल्याच दिवशी दुपारी गाडी सुरू झाली. खाली जाताना ठीक होती. चढाला लागली, अर्ध्यात आली आणि रडायला लागली. बारीक, लांबलेला आवाज, मध्येच तुटायचा, परत धरायचा. शेवटचे दिवस तिचा श्वास असाच चालायचा. मी हातातली चादर टाकून जिन्याकडे गेलो. चार पायऱ्या चढल्यावर आठवलं, वर कुणी नाही.

त्यानंतर रोज तेच. गाडी अर्ध्या चढावर आली की मला ऐकू यायचं, “अहो, ऐकलं का?” मी कामाला लागलेला असलो तरी हात थांबायचे. लाँड्रीत टाके घालायला एक मावशी असतात. त्या म्हणाल्या, “खिडकी लावून घेऊ का रे?” लावली. लावूनही ऐकू यायचं. लोक म्हणत होते ती सुटली. मला मात्र वाटायचं, ती अजून तिथेच चढाच्या मध्यावर अडकून त्रास काढतेय, आणि मी सांगितलेलं काम केलेलं नाही.

मी बदलीकडे गेलो.

“तू यात काय ओतलंस?”

“गिअरबॉक्सची मागची छोटी टाकी रिकामी दिसली, तर लिफ्टवाल्याकडचं हायड्रॉलिक घातलं. तेलाला तेल.”

“ती म्हणाली पातळ आहे.”

तो खाली बघत म्हणाला, “वहिनी म्हणाल्या तर असेल. मग जाड कुठलं घालू सांगा. गिअरचं?”

“ती दुकानातून इंजिनचंच न्यायची म्हणे.”

“ते इंजिनला हो. इंजिनचं तेल गिअरबॉक्सात कोण घालतं? भाऊ, मी चुकलो ते चुकलो, आता दुसरी चूक माझ्याकडून करून घेऊ नका. पंप गेला तर गाडी भंगारात जाईल.” गाडीवर माहितीची पट्टी होती, पण तिच्यावर पाय ठेवूनच सगळे सीटवर चढत आले होते. अक्षर राहिलं नव्हतं.

घरी आलो. दाराच्या मागे खुंटीवर तिचा खाकी शर्ट होता. कामाच्या शेवटच्या दिवशी तिने गाडीच्या मागच्या टाकीतलं तेल बदललं होतं, तेव्हाचा. घरी आल्यावर खुंटीला अडकवला आणि आडवी झाली, ती परत कामाला गेली नाही. बाकीचे कपडे मेहुणीने धुऊन, घड्या घालून कपाटात ठेवले. हा मी तिला धुऊ दिला नव्हता. घरात शिरलो की आधी दार लावायचो आणि त्याच्याजवळ उभा राहायचो. गवत, पेट्रोल, आणि कॉलरला ती.

त्या दिवशी मी बाही बघितली. सीटमागच्या टाकीत तेल ओतताना ती डावा हात खाली आधाराला धरायची, त्यामुळे सांडलेलं डाव्या बाहीवर यायचं. इतकी वर्षं तिचे शर्ट मीच धुतले, मला माहीत होतं. बाहीवर मधाच्या रंगाचा डाग होता. काळा नव्हता, म्हणजे ओतताना सांडलेलं नवं तेल. आता ते कुठलं, हे नुसतं बघून सांगता येत नव्हतं. धूळ बसून डाग वाळला होता. वास घेतला तर तिचाच येत होता.

डाग काय आहे ते धुताना कळतं. आमच्या कामात तसंच आहे. रक्त गरम पाण्याला पक्कं होतं, आयोडीनचा रंग बदलतो. कपडा कोरडा असताना सगळे डाग सारखेच दिसतात.

मी दुकानदाराकडून चार प्रकारची तेलं थोडी थोडी मागून आणली. फळीवरची तिन्ही आणि इंजिनचं वीस-पन्नास. त्याने विचारलं नाही कशाला. लाँड्रीत जुन्या खाकी गणवेशाचे चार तुकडे कापले, एकेकावर एकेक थेंब सोडला आणि काही दिवस वाळू दिले. हायड्रॉलिक लगेच पसरलं, तळहाताएवढं झालं. लाल तेलाने गुलाबी कड धरली. गिअरच्या तेलाला सडका वास सुटला. मावशी म्हणाल्या, “काय मेलंय रे इथे?” मग घाईने सुईत दोरा ओवायला लागल्या.

मी म्हटलं, “मावशी, एक बाही धुवायची आहे.”

त्यांनी शर्ट बघितला. “सगळा दे ना. मी धुते.”

“नको. बाहीच. कोपरापर्यंत.”

“बरं,” म्हणाल्या. पाणी त्यांनीच गरम करून दिलं आणि शर्टाचं बाकीचं अंग वर धरून उभ्या राहिल्या, पाणी लागू नये म्हणून. मी बाही बुडवली, साबण लावला, चोळली. मग ते चार तुकडे त्याच पाण्यात, तितकेच चोळले. एरवी मी डाग जाईपर्यंत चोळतो. यावेळी राहिला पाहिजे म्हणून हात आवरला.

हायड्रॉलिक निघून गेलं. गुलाबी कड राहिली. गिअरच्या तेलाचा वास पाण्यालाही लागला. वीस-पन्नासच्या तुकड्यावर लहान पिवळं कडं उरलं, जवळजवळ गोल. बाहीवरही तसंच कडं. मी दोन्ही शेजारी धरली.

“एकच आहे रे,” मावशी म्हणाल्या.

म्हणून ती दुकानातून दुसरं काही नेत नव्हती. इंजिनला तेच, मागच्या टाकीत तेच. एकच डबा. त्याला वेगळं नाव कशाला देईल?

बदलीला बाही आणि तुकडा दाखवला. त्याने बराच वेळ बघितलं. “भाऊ, डागावरून गाडीत तेल घालायचं? साहेबांना काय सांगू?”

“सांग, वहिनींनी सांगितलंय.”

“ते बरंय. त्यांच्यापुढे साहेबही बोलायचे नाहीत.”

आम्ही दोघांनी मिळून जुनं तेल सगळं काढलं. एकात एक मिसळायचं नसतं, एवढं त्यालाही माहीत होतं. नवीन भरलं. मागची चाकं उचलून, पेडल हळूहळू पुढे-मागे दाबत आतली हवा काढली. मग तो सीटवर बसला. मी म्हटलं, “आत्ता नको. दुपारी तापू दे, मग चढव.” आणि मी लाँड्रीत आलो.

दुपारी मी खिडकी उघडून उभा राहिलो. गाडी उतरली, वळली, चढाला लागली. अर्ध्यात आली. मी वाट बघत होतो. ती तशीच, एका आवाजात, वर निघून गेली. बदलीने वरून हात केला. मीही केला. गाडी परत खाली गेली, परत वर आली, आणि मला कुणी हाक मारली नाही.

मावशी म्हणाल्या, “झालं ना बाबा तुझ्या मनासारखं?”

“झालं,” म्हटलं.

आता गाडी वर येते आणि जाते, माझं लक्षही नसतं. एकदा तर गवत कापून झालेलं मला संध्याकाळी बाहेर पडल्यावर कळलं. हात थांबत नाहीत. तिने सांगितलेलं काम पुरं झालं. मेहुणी मधूनमधून येते, दाराच्या मागे बघते आणि म्हणते, “भाऊजी, द्या आता तो. खराब होईल कापड.” तिचं खरं आहे, घाम राहिला की कापड विरतं, हे मीच लोकांना सांगतो. देतो म्हणतो.

डावी बाही कोपरापर्यंत धुतली आहे. बाकीचा शर्ट धुवायचा राहिला आहे.