घाटातलं विमान

भिकाजी ओव्हाळांनी आयुष्यात विमानात पाय ठेवला नव्हता, आणि विमान बनवताना त्यांना त्याची काडीइतकीही अडचण झाली नाही.

विमान म्हणजे आख्खं नव्हे. पंख, शेपूट, इंजिन हा सगळा पसारा कॉम्प्युटरच्या पडद्यावर होता. भिकाजींनी बनवला तो फक्त हातात धरायचा भाग. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तेहेतीस वर्षं स्टिअरिंग दुरुस्त करून ते रिटायर झाले आणि वलवणच्या घरी येऊन बसले, तेव्हा त्यांच्या मुलीने, चैतालीने, बाबांचं मन रमावं म्हणून जुना कॉम्प्युटर आणि विमान उडवायचा खेळ पाठवून दिला. सोबत एक प्लास्टिकची दांडी होती. भिकाजींनी ती डावीकडे ढकलली, विमान डावीकडे वळलं. उजवीकडे ढकलली, उजवीकडे वळलं. पंधरा मिनिटांनी त्यांनी दांडी खाली ठेवली आणि निदान केलं, "ही मुकी आहे."

त्यांचं म्हणणं साधं होतं. गाडीचं चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग ते हाताला सांगतं. चाकातली हवा कमी असली तरी सांगतं. ही दांडी मात्र विमान वादळात सापडो की डोंगरावर आपटो, हाताला सारखीच मऊ. सरकारी खात्याला अर्ज केल्यासारखं. आपण पाठवत राहायचं, तिकडून काही येत नाही.

मग त्यांना नेटवर कळलं की जगात घरबसल्या बोलकी दांडी बनवणारी माणसं आहेत. दांडीला मोटर जोडायची, आणि पडद्यावरच्या विमानावर वारा जितका दाबेल तितक्या जोराने त्या मोटरने दांडी उलट ढकलायची. भिकाजींनी या प्रकाराला 'उलट जोर' असं नाव दिलं आणि कामाला लागले. कामशेतच्या भंगारवाल्याकडून ट्रकच्या वायपरच्या दोन मोटरी आल्या. टेम्पोचं स्टिअरिंग वरून-खालून कापून धरायला मुठी झाल्या. वॉशिंग मशीनचा पट्टाही आला. तो कुठून आला हे त्यांच्या बायकोला, शालूबाईंना, चार दिवसांनी कपडे धुवायला टाकल्यावर समजलं. चार महिन्यांत मागच्या खोलीत यंत्र उभं राहिलं.

खोली हाच तर वादाचा मुद्दा होता. लोणावळ्याच्या आसपास ज्याच्याकडे एक खोली जास्त आहे तो हल्ली नुसता घरमालक राहत नाही, व्हिलाचा मालक होतो. शेजारच्या अनिताने गोठ्याला चुना मारून दारावर 'काऊ नेस्ट व्हिला' असं लिहिलं, तेव्हापासून म्हशी मागच्या पत्र्याखाली आणि मुंबईची माणसं गोठ्यात राहतात. दोघांचीही काही तक्रार नाही. शालूबाईंनाही सीझनच्या आत, म्हणजे जूनच्या आत, मागची खोली मोकळी हवी होती.

"अवो, त्या खोलीत पलंग बसतो, बाथरूम हाय, खिडकीतनं धरनाचा कोपरा दिसतो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आन तितं तुमी कापलेला टेम्पो ठेवलाय."

"ते विमान आहे."

"कुनी सांगितलं?"

भिकाजींनी मग सांगू शकेल असं माणूस शोधून काढलं. शेवटी तह झाला. वरच्या अंगाच्या बंगल्यात कॅप्टन मानसी सुट्टीला यायच्या. त्या मोठ्या कंपनीचं प्रवासी विमान चालवत, आणि त्यांच्या बंगल्याचा पाण्याचा पंप भिकाजी चालवून देत, एवढी ओळख होती. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मानसींनी येऊन यंत्र धरून बघायचं. त्या 'बरोबर' म्हणाल्या तर खोली विमानाची, 'चूक' म्हणाल्या तर पलंगाची. दोघांनी शब्द दिला. शालूबाईंनी शब्द देऊन झाल्यावर पलंगाचं मापही घेऊन ठेवलं.

भिकाजींना खोली हवी होतीच, पण त्याहून तो 'बरोबर' हवा होता. तेहेतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी बिघडली की तक्रार घेऊन परत यायची. चांगली चालली तर कोणी सांगायला यायचं नाही.

आता उलट जोर किती ठेवायचा? कॉम्प्युटरवर शून्य ते शंभर असा आकडा होता आणि खाली सूचना होती की खऱ्या विमानाच्या अनुभवावरून ठरवावा. भिकाजींचा विमानाचा अनुभव अंगणातून वर बघण्यापुरता होता. म्हणून त्यांनी केरबाला बोलावलं. केरबा त्यांचा जुना दोस्त, लोणावळा-खोपोली मार्गावर अठ्ठावीस वर्षं एसटीचा ड्रायव्हर. तोही जुन्या गाड्यांवरचा, ज्यांचं चाक वळवताना दंडाला पीळ पडायचा. त्याने डोळे मिटून मुठी धरल्या.

"हलकं हाय," तो म्हणाला. "गाडीत पाशिंजर किती?"

"एकशे ऐंशी."

"आन उभं?"

"विमानात उभे नसतात, केरबा."

"मंग ऱ्हाऊ दे. तरी पन लय हलकं हाय."

भिकाजींनी आकडा चाळीसवरून सत्तरवर नेला. केरबाने मान डोलावली. "आता उतार हाय व्हय?"

"खाली उतरतंय."

"बिरेक कुटं हाय?"

"त्याला हवेत तसा ब्रेक नसतो."

केरबाने डोळे उघडले आणि दोन्ही हात मुठींवरून काढून घेतले. "आन लोक तिकीट काढून बसत्यात?"

असं करत करत यंत्र जुळलं. विमानाचा वेग फार कमी होऊन ते पडायला आलं की दांडी थरथरली पाहिजे, असं नेटवर होतं. किती, ते नव्हतं. मग पुढच्या चाकाची खीळ, म्हणजे किंगपिन, झिजलेल्या गाडीचं स्टिअरिंग ताशी पन्नासच्या पुढे जितकं थडथडतं, तितकं ठेवलं. त्याबद्दल दोघांत मतभेद नव्हता.

रविवारी भिकाजींनी विहारातून चार खुर्च्या आणून ठेवल्या. केरबा जुना खाकी शर्ट इस्त्री करून आला. एका ड्रायव्हरने दुसऱ्या ड्रायव्हरला भेटायचं म्हणजे तेवढं हवंच. मानसी ट्रॅकपँट आणि चपला घालून आल्या. केरबाने त्यांच्या मागे फाटकाकडे पाहिलं. "कॅप्टन गाडी लावत्यात का?"

"मीच कॅप्टन."

केरबाने क्षणभर विचार केला. "तुमच्या इमानाला रिवर्स पडतो का?"

"नाही, काका. मागे न्यायला ढकलावं लागतं."

"मंग आमच्याच डेपोचं हाय," केरबा म्हणाला आणि निश्चिंत होऊन बसला.

मानसींनी मुठी धरल्या. पडद्यावर पुण्याची धावपट्टी मागे पडली, विमान उठलं, कार्ल्याच्या अंगाने घाटाकडे निघालं. त्यांच्या कपाळावर आठी आली. ती तिथेच राहिली.

"काका," त्या म्हणाल्या, "हे असं नसतं."

भिकाजींनी खुर्ची पुढे ओढली.

"मग कसं असतं, मॅडम?"

"आमच्या विमानात बाजूला एक छोटी दांडी असते. खाली स्प्रिंग. आपण हलवली की कॉम्प्युटरला निरोप जातो, पुढचं तो बघतो. हाताला काही लागत नाही. वादळ असलं तरी सारखीच मऊ."

भिकाजींनी मान हलवली. म्हणजे पहिल्या दिवशी मुकी ठरवून माळ्यावर टाकलेली दांडी बरोबर होती, आणि चार महिने राबून ते विमानापासून बरोबर चार महिने लांब आले होते.

"म्हंजे चूक," शालूबाई दारातून म्हणाल्या. त्यांना नीट खात्री करून घ्यायची होती.

"चूकच आहे, मावशी," मानसी म्हणाल्या.

शब्द तो शब्द. यंत्र बंद करायला भिकाजींनी बटणाकडे हात नेला.

"थांबा हो जरा," मानसी म्हणाल्या. त्यांची नजर पडद्यावरून हलली नव्हती.

विमान खंडाळ्यावर आलं होतं आणि दरीतून वारा सुटला होता. मुठींनी हिसका दिला. मानसींनी दोन्ही हातांनी आवरलं, तर उलटा हिसका आला. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"काका, हे नक्की काय आहे?"

लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. "खरं सांगू? एसटी आहे. खंडाळ्याच्या घाटातली."

"अमृतांजन पुलाखालचं वळान," केरबाने पत्ता पूर्ण केला. "सामान टपावर."

मानसी हसल्या नाहीत. "शिकत होते तेव्हा दोन सीटचं छोटं विमान होतं. ते असं भांडायचं हाताशी. त्याला बारा वर्षं झाली," त्या म्हणाल्या, आणि विमान नागफणीच्या कड्यावर जाऊन आदळलं. त्यांनी ते पुन्हा पुण्याहून उठवलं. दुसऱ्यांदा ते तिकोणा पेठेच्या भातखाचरात उतरलं, तिसऱ्यांदा पवना धरणात. फोन दोनदा वाजला, तो त्यांनी उलटा करून ठेवला. शालूबाई टेप हातात घेऊन पलंगाच्या जागेशी उभ्या होत्या; अडीच वाजता त्या टेप ठेवून भाकऱ्या करायला गेल्या.

जेवताना मानसींना भाकरी मोडेना. उजवा हात थरथरत होता. शालूबाईंनीच मोडून दिली.

"रोज इमान चालवता, आन हात असा?"

"रोज चालवते म्हणूनच असा, मावशी." त्यांनी आमटीत भाकरी कुस्करली. "पुढच्या रविवारी येऊ का? आमच्याकडचे अजून दोघं-तिघं येतील. त्यांच्याही हाताला बरीच वर्षं काही लागलं नाहीये."

शालूबाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग मागच्या खोलीकडे.

"या की," त्या म्हणाल्या. "ऱ्हायलाच या."

ठरल्याप्रमाणे खोली पलंगाची झाली. पलंग यंत्राशेजारी बसला आणि दोन्हींमध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट राहिली. जूनपासून खोली रिकामी नाही. सकाळी मुंबईला विमान उतरवून मंडळी संध्याकाळी घाट चढून येतात, दोन दिवस त्याच घाटाशी झोंबतात आणि दंडाला बाम चोळत समाधानाने परत जातात. एकाने नेटवर लिहिलं की गीझर बिघडलेला आहे, बाकी पाच तारे.

भिकाजींना यंत्र मंगळवारी मिळतं; एक पाहुणा गेल्यावर दुसरा येईपर्यंत, चादर बदलून झाली की. तोवर ते पट्टा ताणून देतात, बेअरिंगला ग्रीस लावतात.

परवा एका तरुण पायलटने सकाळी सहज सुचवलं, की अंकल, सत्तर जरा जास्तच होतंय, साठवर आणता येईल का? भिकाजींनी तेहेतीस वर्षं प्रत्येक तक्रार ऐकून घेतली होती. त्यांचा हात आकडा उतरवायला पुढे गेला.

"ऱ्हाऊ द्या तितंच," उशीला अभ्रा घालता घालता शालूबाई म्हणाल्या. "हलकं पायजे आसंल तर कंपनीचं चालवावं."

भिकाजींनी हात मागे घेतला आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले. खोली सोडायची वेळ बाराची; तोवर ती पाहुण्यांची होती.